वाक्य बरोबर, पण कळले का?

नववीला वाक्यपृथक्करण शिकवताना बाईंनी फळ्यावर लिहिले : ‘माळी विस्तवाने झाड शिंपतो.’ वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “चूक दाखवा.” कर्ता, कर्म, क्रियापद, विभक्ती सगळे जागच्या जागी होते. व्याकरणाची चूक कोणालाच दाखवता येईना. मग त्यांनी ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा संस्कृत ग्रंथ काढला. त्याचे कर्ते अन्नंभट्ट यांनी विस्तवाने शिंपण्याचे हेच उदाहरण दिले आहे. वाक्यातून अर्थबोध व्हायला आकांक्षा (एका पदाला दुसऱ्याची गरज), योग्यता (पदांच्या अर्थांचा मेळ) आणि सन्निधी (पदे लागोपाठ येणे) लागते. इथे योग्यता नाही, कारण शिंपायला पाणी हवे.

पुढे एम.ए.ला भाषाविज्ञान घेतले. ‘रंगहीन हिरव्या कल्पना त्वेषाने झोपतात’ या अर्थाचे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींचे १९५७ मधले प्रसिद्ध इंग्रजी वाक्य तिथे भेटले. व्याकरणशुद्धता वेगळी, अर्थपूर्णता वेगळी, हा त्यातला मुद्दा मला नवा वाटला नाही. तो शाळेतच पक्का झाला होता.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईंचे ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी’ फळ्यावर आले. पदन्‌पद कळते, अर्थ मात्र हाती लागत नाही. तरी आपण तो शोधत राहतो, कारण कोणी उडाले आणि कोणी कोणाला गिळले, याबद्दल व्याकरण तसूभरही संशय ठेवत नाही. तेच शब्द कसेही विस्कटून ठेवले असते, तर शतकानुशतके कोण त्यापाशी थांबले असते?

थांबून अर्थ शोधत राहण्याचा हा मान मी मुक्ताबाईंना देतो, परिपत्रकाला नाही. आज भाषांतराच्या कामात रोज अशी वाक्ये समोर येतात : ‘शिपायाने मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांनी पालकांना लिहिलेल्या पत्रावर मारलेला शेरा वाचला.’ व्याकरण चोख, अर्थही साधा. पण तीन कर्ते ओळीने येतात आणि त्यांची क्रियापदे येईपर्यंत ते तिघेही डोक्यात सांभाळावे लागतात. तिथे वाचणारा अडखळतो. मी ते सरळ सोडवतो : ‘वर्गशिक्षकांनी पालकांना पत्र लिहिले. त्यावर मुख्याध्यापकांनी शेरा मारला. तो शिपायाने वाचला.’ वाक्ये तीन होतात, एखादा अधिकारी ‘फारच सोपे झाले’ म्हणून कुरकुरतो. मी बदलत नाही. ते परिपत्रक ज्या पालकाच्या हातात पडणार, त्याला ते एका वाचनात कळले पाहिजे, हा आग्रह मला बाईंनी दिला.