डिझेलवरचा आळ

मे महिन्यातल्या एका दुपारी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेलगतच्या कोगनोळीजवळच्या एका पंपावर, नुकतीच टाकी भरून घेतलेली एक पिकअप जागची हलेना. चालकाने किल्ली फिरवली, बॉनेटखालून ‘टक’ असा एकच आवाज आला आणि पुढे सारे थंड. बघताबघता माणसे जमली आणि निदानही एकमताने झाले, “डिझेलात पाणी घातल्यात बघा ओ.” आत्ता भरले आणि आत्ताच बंद पडली, यापेक्षा वेगळा पुरावा कुणाला हवा असतो? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्याची बाजू ऐकून घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

या बाबतीत माझा एक हट्ट आहे आणि घरच्यांना तो मुळीच आवडत नाही. बंद गाडीपाशी इंधनाविषयी चकार शब्द निघण्याआधी मला तिचा आवाज ऐकायचा असतो. नुसता ‘टक’ आला, तर बॅटरी, तिची टर्मिनल किंवा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, यांच्याकडे पाहावे. इंजिन कण्हत, जड फिरत असेल तरीही बहुधा वीजच कमी पडत असते. मात्र ते भराभर फिरत असूनही पेट घेत नसेल, तेव्हा इंधनाची चौकशी सुरू करावी. जे इंजिन फिरलेच नाही, त्याने डिझेल चाखले तरी केव्हा? शिवाय नवे डिझेल टाकीत पडले तरी पाइपात आणि फिल्टरमध्ये जुनेच भरलेले असते, त्यामुळे पाणी मिसळलेल्या डिझेलवर गाडी बहुतेकदा निमूटपणे सुरू होते आणि थोडे अंतर गेल्यावर आचके देऊ लागते.

मग गाड्या पंपावरच का अडून बसतात? कारण पंपावर इंजिन बंद करावेच लागते. ज्याला आपल्या गाडीचा सेल्फ कच्चा आहे हे ठाऊक असते, तो माल उतरवताना आणि चहा पिताना ती चालूच ठेवतो, आणि इंजिन चालू असेपर्यंत त्याच्यासोबत फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर बॅटरीचे सारे दोष झाकून घेतो. ‘इंजिन बंद करा’ ही पाटी त्याला पंपावरच गाठते. त्यातून तापलेले इंजिन बंद केल्यावर पंख्याचा वारा आणि पाण्याचे फिरणे थांबते, त्यामुळे काही मिनिटे बॉनेटखालची धग उलट वाढते. गरम तांब्याच्या तारेचा विजेला होणारा विरोध वाढलेला असतो आणि थकलेल्या सेल्फला तेवढे निमित्त पुरते.

त्या दिवशी शेजारच्या पंक्चरवाल्याने आपले काम न सोडता तिथूनच “मोदल ब्याटरी नोड्री”, म्हणजे आधी बॅटरी बघा, असे कानडीत सांगितले, आणि खरोखरच टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी साचलेली होती. ती खरवडून पाना आवळताच गाडी सुरू झाली. चालक मात्र डिझेललाच शिव्या देत संकेश्वरच्या दिशेने निघून गेला.

अर्थात डिझेल नेहमीच निर्दोष असते असे नाही, आणि आमच्या सीमाभागात तर त्याला गुन्हेगार करण्याची सोय आम्हीच करून ठेवली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा कर लिटरमागे ७ रुपयांनी उतरवला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कागलकडून येणारा जो तो टाकीचा काटा तळाला टेकेपर्यंत गाडी रेटत सीमेअलीकडे येऊ लागला. दोन राज्यांच्या दरांतला तो फरक पुढे कधी वाढला, कधी मिटत आला, पण काहींची सवय कायम राहिली. टाकी तळाला गेली की गाळ फिल्टरकडे ओढला जातो आणि डिझेलच्या जागी पाइपात हवा शिरते. मग कितीही भरा, हातपंप दाबून, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, बुडबुड्यांचा फेस जाऊन डिझेलची सलग धार लागेपर्यंत वाट पाहावी लागते. दोनचार रुपये वाचवायला निघालेला माणूस डिझेलने माखलेल्या हातांनी हे सारे करताना मला तरी त्याची दया येत नाही.

लहानपणी आमच्या काकांकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप होती. खानापुरात पेट्रोल भरून जांबोटीच्या रस्त्याला लागण्याआधी, विशेषतः उन्हाळ्यात, ती हमखास रुसायची. काका कुणाशीही न बोलता बॉनेट उघडायचे, आम्हा पोरांना पाण्याला पिटाळायचे आणि इंजिनाला खेटून बसवलेल्या, टाकीतले पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपावर ओले फडके गुंडाळून स्वतः विडी ओढायला लांब, रस्त्यापलीकडे जायचे. फडक्यातून वाफ निघायची. पेट्रोलचा हलका अंश पस्तीस-चाळीस अंशांवरच उकळू लागतो, आणि त्या पंपाच्या पडद्याला द्रव ढकलता येत असे, वाफ नव्हे, हे मला फार पुढे कळले. काकांना ते ठाऊक होते की नाही, कोण जाणे. फडके सुकायच्या आत जीप सुरू व्हायची, आणि एवढ्यावर ते समाधानी असत. डिझेल दीडशे अंश ओलांडल्याशिवाय उकळायला लागत नाही, त्यामुळे आजच्या पिकअपवर ओले फडके टाकून काही साधत नाही, तरी टाकणारे टाकतात.

तसेच मोबाइलवरच्या अमेरिकी उपायांचे. तिकडच्या बहुतेक पिकअप पेट्रोलच्या. टाकी भरताना निघणारी वाफ कोळशाच्या डब्यात साठवतात, तिथली झडप उघडी अडकली तर ती वाफ थेट इंजिनात जाते आणि हवेच्या मानाने पेट्रोल फाजील होते. म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आमच्या डिझेलच्या गाड्यांना तो डबाच नसतो, पण पाय मात्र दाबला जातो.

एका प्रसंगी मात्र माझा आवाज ऐकण्याचा हट्टही मी सोडतो. डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल गेले असेल, तर किल्ली फिरवायचीच नसते. नव्या गाड्यांतल्या उच्च दाबाच्या पंपाला डिझेलच वंगण पुरवते. पेट्रोलने ते वंगण जाते, धातूवर धातू घासतो आणि त्याचा कीस थेट इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. किल्ली खिशात घालावी, गाडी ढकलत बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करवून घ्यावी, एवढेच तेव्हा करण्यासारखे असते, आणि नेमके तेव्हाच जमलेल्यांपैकी कुणीतरी फार आपुलकीने म्हणते, “एकदा मारून तर बघा ओ.”