लाईट गेली, सायकल अपूर्ण

माझा धंदा आमरस बाटल्यांत भरण्याचा. पावसच्या अलीकडे घरामागे पत्र्याची शेड, दोन मोठे टोप, बूच मारायचं एक मशीन आणि मे महिन्यात हाताखाली चार बायका. दातांच्या दवाखान्याबद्दल मी लिहावं असं यात काही नाही, पण आषाढात खालची डावी दाढ ठणकायला लागली आणि पुढचा दीड महिना त्यातच गेला.

लवंग झाली, लवंगेचं तेल झालं. आईने सुचवलेली मिश्री मात्र मी लावली नाही. (तिचे स्वतःचे दात मिश्रीनेच गेले, हे तिला आज ऐंशीव्या वर्षीही पटत नाही.) तिसरी रात्र गाल धरून पडवीत येरझाऱ्या घालण्यात काढली आणि सकाळी पहिल्या एसटीने रत्नागिरी गाठली.

पहिला दवाखाना दिसायला झकपक होता. टीव्ही, माशांची पेटी, पायाखाली चकचकीत लाद्या. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, तेवढ्यात फोन वाजला. मोज्यासकट उचलला, कुणाशी तरी जमिनीच्या व्यवहाराचं बोलले, फोन खिशात टाकला आणि तोच हात माझ्या तोंडाकडे आला. मी मान मागे घेतली. बाजूला स्टीलच्या डब्यात पाणी रटरटत होतं, आत आरसे नि चिमटे. विचारलं तर म्हणाले, "उकळून घेतो ना सगळं." वर चिठ्ठीत अमॉक्सिसिलीन. मला पेनिसिलीन चालत नाही, लहानपणी अंगभर गांधी उठल्या होत्या, आणि अमॉक्सिसिलीन त्याच घराण्यातलं. पण कसली अॅलर्जी आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं. फी ठेवली आणि जिना उतरलो.

उकळण्याचं म्हणाल तर ते माझ्या रोजच्या कामातलं. आमरसाला उकळतं पाणी पुरतं, कारण तो आंबट. आंबटात जंतूंचे चिवट बीजाणू, म्हणजे त्यांची कवचात झोपलेली रूपं, डोकं वर काढत नाहीत. पण उद्या कच्च्या फणसाची भाजी डब्यात भरायची म्हटली, तर दाबाखालची 121 अंशांची वाफच लागते. 100 अंशांना बीजाणू दाद देत नाहीत. ट्रेनिंगमध्ये हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. रक्तात बुडणाऱ्या हत्यारांना भाजीपेक्षा कमी कसं चालेल?

स्टँडजवळच्या औषधवाल्याने दुसरा पत्ता दिला. जुनी इमारत, भिंतीला शेवाळ, वर दोनच खोल्या. डॉक्टर तिशीतल्या. आधी एक फॉर्म भरून घेतला: शुगर, बीपी, चालू गोळ्या, अॅलर्जी. पेनिसिलीन हा शब्द त्यांनी केसपेपरवर लाल पेनाने लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

तरी मी चाचरत विचारलंच, हत्यारं कशी धुता म्हणून. वाटलं, बाईंना राग येईल. "कॅनिंगवाले ना काका तुम्ही? मग बघाच," म्हणत त्यांनी मागच्या खोलीची काच दाखवली. सहायक ताई जाड मोजे घालून ब्रशने हत्यारं घासत होती. मग ती सुकवून कागद-प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकिटावर तारीख, आणि पाकीट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात; त्याच्या एका पूर्ण फेरीला सायकल म्हणतात. आत गरमी लागली की पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो.

"ड्रिलसुद्धा?" मी विचारलं.

"तेच तर महत्त्वाचं. बंद करताना ते आतली लाळ थोडी मागे ओढून घेतं. वरून स्पिरिट फिरवून काय होणार? ड्रिलचे हातात धरायचे हे हँडपीस चारच ठेवलेत, म्हणून तर पेशंट कमी घेते."

पुढचं त्यांनी मी न विचारता सांगितलं. रंग बदलला म्हणजे गरमी पोचली एवढंच कळतं. जंतू खरंच मेले का, ते बीजाणूंची पट्टी आत ठेवून तपासावं लागतं. "ती तपासणी आठवड्याला व्हायला हवी. आमच्याकडून महिन्याला होते." हे ऐकून माझा विश्वास कमी व्हायला हवा होता. वाढला.

एक्स-रे काढताना गळ्यापासून शिशाचा एप्रन घातला. भिंतीवर मशीनच्या नोंदणीचा कागद होता, अणुऊर्जा नियामक मंडळाचा. अणुऊर्जा म्हटलं की आमच्या जिल्ह्यात जैतापूरच डोळ्यांपुढे येतं; दाढेच्या बोटभर फोटोलाही तेच मंडळ लागतं, हे मला नवीन होतं.

रूट कॅनॉलच्या पहिल्या बैठकीत दाढेभोवती निळं रबर ताणून बसवलं. बाकी तोंड रबराच्या मागे, पुढे एकटी दाढ. मला ते मुळीच आवडलं नाही, बुरखा घातल्यासारखं वाटलं. पण लाळ दाढेत जात नाही, बारीक सुई निसटली तर घशात जात नाही, आणि आत धुवायला जे औषध वापरतात ते घरातल्या ब्लीचच्याच जातीचं असतं, तेही पोटात जात नाही. त्यामुळे सोसलं. भुलीची सुई झाल्याबरोबर पांढऱ्या जाड डब्यात गेली, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हा कचरा न्यायला वेगळी गाडी येते; पिवळ्या पिशवीतला तर 48 तासांपेक्षा जास्त साठवून ठेवायचा नसतो.

दुसऱ्या बैठकीला धो धो पाऊस. भिजत पोचलो, खुर्चीवर बसलो, दिवा डोळ्यांवर आला. ताईने ट्रे आणला. डॉक्टरांनी पाकीट उचललं, दिव्याखाली धरलं, बोटांनी चाचपलं. पाकीट दमट होतं, खूण अर्धवट पालटलेली. बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, तेही तसंच.

"ताई, मघाशी लाईट गेली तेव्हा कितवं मिनिट होतं?"

"गरम होतच होतं मॅडम. परत आली, मला वाटलं झालं."

इन्व्हर्टरवर खुर्ची नि दिवा चालतो, ऑटोक्लेव्ह नाही. सकाळचे सगळे सेट वापरून झालेले. डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "काका, आज नाही करत. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा."

मी चिडलो, खोटं कशाला बोलू? एसटीचे हाल, चिखल, एक दिवस फुकट. "एवढं काय होतंय एका दिवसाने," असंही बोलून गेलो. माझं मलाच ऐकू आलं, तेव्हा गप्प बसलो. ताईचा चेहरा पडला होता. डॉक्टर तिला रागावल्या नाहीत, रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. तिने माझ्यासमोर लिहिलं: तारीख, वेळ, 'लाईट गेली, सायकल अपूर्ण, पाकिटं परत', आणि सही. मागची पानंही दिसली. त्या पावसाळ्यात ही तिसरी नोंद होती.

दुसऱ्या दिवशी काम झालं. श्रावणात कॅप बसली. पैसे पहिल्या दवाखान्याच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त गेले, ते अजून खुपतात. एक्स-रे आणि कॅपचं कार्ड मागून घेतलं.

घरी येऊन कार्ड ठेवायला कपाट उघडलं, तर माझं मे महिन्याचं रजिस्टर हाती लागलं. 17 तारखेला दुपारी आमच्याकडेही लाईट गेली होती. भरलेल्या बाटल्यांचा घाणा उकळायला पंपाच्या पाण्याअभावी उशीर झाला होता, आणि मी तो तसाच पुढे ढकलला होता. पानावर वेळ होती, बाटल्यांचा आकडा होता, लाईटचं काही नव्हतं. त्या घाण्यातल्या 24 बाटल्या अजून शिल्लक होत्या. त्या फळीवरून उतरवून शेडच्या कोपऱ्यात ठेवल्या. आई विचारत होती, गणपतीला चाकरमान्यांना त्यातल्या द्यायच्या ना. नाही म्हटलं.