कॅसेट डेक ते स्वयंपाकघर, भाग ३: झाली एकदाची सर्व्हिस

तर मंडळी, मागच्या भागात कुठवर आलो होतो, तर वरच्या खोलीतला आण्णांचा कॅसेट डेक, त्याला बेहरिंगरचं यूसीए२०२ (डेकचा आवाज यूएसबीवरून कॉम्प्युटरला देणारी डबी), ते रास्पबेरी पायला (तळहाताएवढा कॉम्प्युटर), आणि पायवर चार ओळींची एफएफएमपेगची (आवाजाचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्ट जी आवाज आइसकास्टला (रेडिओसारखा नेटवर्कवर आवाज पुरवणारा सर्व्हर) देते, खाली आई जुन्या मोबाईलवर व्हीएलसी लावून भजनं ऐकते. पण स्क्रिप्ट दरवेळी हातानं चालू करायला लागायची. आणि सांगलीत वळीव आला की लाईटीचं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, लाईट आली की पाय उठतो, स्क्रिप्ट काय उठत नाही, मग मी ऑफिसात आणि आईचा फोन, "अरे तुझं ते गप्प झालंय बघ."

म्हणून सिस्टीमडी, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून बूटलाच आपोआप चालू करणारा कारभारी. काय आणि कसं चालवायचं ते सांगणारी युनिट फाईल लिहिली, ती त्यानं वाचावी म्हणून डेमन-रीलोड मारलं, स्टार्ट केलं, फेल! हातानं चालवली की तीच स्क्रिप्ट झकास चालते. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टीमडीची नोंदवही) शेवटची ओळ 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली', मी दीड तास तिच्याच मागं. ती नुसती रडारड आहे हो. रीस्टार्ट ऑलवेज (पडलं की परत उठव) ठेवलं आणि रीस्टार्टसेक (किती सेकंद थांबून उठव) दिलं नाही तर ते १०० मिलिसेकंदांत परत उठवतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा पडलं की नाद सोडतं. खरं दुखणं बरंच वर होतं, पल्सऑडिओ (प्रोग्रॅम आणि साउंडकार्डामधला आवाजाचा मध्यस्थ), कनेक्शन रिफ्यूज्ड. पल्स माझ्या लॉगिनबरोबर उठतो, सर्व्हिसला कुठलं आलंय लॉगिन! लिंगर (लॉगिन नसतानाही युजरचे प्रोग्रॅम चालू ठेवायची सोय) चालू करूनही जमतं म्हणे पण मी पल्सच काढला, थेट अल्सा (लिनक्सचा साउंडकार्डाशी बोलणारा भाग), सर्व्हिसचा युजर ऑडिओ ग्रुपमध्ये (म्हणजे साउंडकार्ड वापरायची परवानगी), रीस्टार्टसेक ५. पहिल्या झटक्यात चालू.

दोन दिवस मजेत. तिसऱ्या दिवशी लाईट गेली, आली, सर्व्हिस फेल. आता काय राव? एरेकॉर्ड डॅश एल मारून साउंडकार्डांची यादी बघितली तर काल कार्ड १ असलेलं यूसीए आज कार्ड २ झालंय, बूटला जो आधी सापडेल तो नंबर घेतो. मग स्क्रिप्टमधला नंबर काढून नाव टाकलं, प्लगएचडब्ल्यू कोलन कार्ड इक्वल टू कोडेक (यूसीए२०२ स्वतःला कोडेकच म्हणवतं). मुद्दाम चार वेळा प्लग उपटला, चारही वेळा आपोआप उठलं.

आता राहिलाय उशीर. आइसकास्ट जोडल्या जोडल्या ६४ केबी एकदम ढकलतं, म्हणजे माझ्या १२८ केबीपीएसला चार सेकंद. आण्णा वर कॅसेट थांबवतात, खाली अभंग चालूच. ही एकदम ढकलायची बर्स्ट साईज कमी केली तर तो जुना मोबाईल अडखळतो. आई म्हणते राहू दे, आण्णा जिना उतरून येईपर्यंत कडवं पुरं होतं.