डिझेलची वही आणि विमानाचा धूर

दारव्ह्याजवळच्या आमच्या वावरात कापूस वेचताना डोक्यावरून विमान जातं, मागे पांढरी रेघ सोडतं. परवा पुतण्यानं विचारलं, "काका, याचा धूर कोन मोजते?" मी ट्रॅक्टरच्या डिझेलची वही ठेवतो, म्हणून प्रश्न मनात रुतला.

मोजणी इंधनापासून सुरू होते. एक किलो विमान-इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, म्हणून वजन वाढतं. कंपन्या मात्र बहुधा प्रवासी-किलोमीटरमागचा, म्हणजे एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यामागचा, आकडा पुढे करतात. खुर्च्या भरल्या, इंजिनं सुधारली की तो घटतो.

इथंच मला माझी वही आठवते. नव्या ट्रॅक्टरनं एकरी डिझेल पाच लिटरवरून चारवर आलं. पण भाड्याची कामं धरून चाळीस एकरांचे साठ झाले. २०० लिटरचे २४० झाले! एकरी आकडा खरा, पण एकूण धूर वाढलाच. म्हणून मी एकूण आकडा आधी वाचतो.

संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेनं २०१६ मध्ये ठरवलेली कोर्सिया योजना, म्हणजे विमानांच्या वाढत्या कार्बनची भरपाई करायची योजना, फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणं धरते. नागपूर-मुंबई तिच्यात नाही. आणि ती पांढरी रेघही नाही, जी उष्णता अडवून धरते. युरोपीय संघानं २०२५ पासून तिच्या परिणामाची नोंद ठेवायला लावली आहे. हे सांगितलं तर पुतण्या पुन्हा वर बघत बसला.