बीचला कंटाळलेले आजोबा आणि ओल्ड गोव्याचा गिलावा

कळंगुटहून ओल्ड गोवा, मग पणजी, ही ट्रिप मी इतक्यांदा मारलीय की गाडी आपोआप जाते आणि तोंडही आपोआप चालतं. मी डिचोलीचा, त्यामुळे मराठी गेस्ट आले की हॉटेलवाला मलाच फोन लावतो. परवा साताऱ्याकडची फॅमिली होती. मुलगा, सून, कॉलेजातली नात आणि आजोबा. आजोबांनी सगळं आयुष्य गवंडीकाम केलेलं. सूनबाई म्हणाल्या, "दादा, बाबांना काहीतरी दाखवा, वाळू बघून बघून वैतागलेत."

पणजीहून रायबंदरकडे जाताना मी सहज म्हणलं की हा रस्ता ज्या दगडी बांधावरून जातो तो १६३३-३४ मध्ये बांधलाय, तीन किलोमीटरच्या वर लांब आहे. झालं! "थांब रं, कमानी बघू दे." तिथं थांबायला जागा नाही, मागून बसवाला हॉर्न मारतोय आणि आजोबांचं अर्धं अंग खिडकीतून बाहेर.

ओल्ड गोव्यात बॉम जेझूस चर्चला मी नेहमीची टेप लावली. बांधकाम १५९४ ते १६०५, सेंट झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, त्यांचं शव इथं आहे, दर दहा वर्षांनी दर्शनाला खाली आणतात, मागचं २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झालं ते २०२५च्या जानेवारीपर्यंत. नात रील काढत होती, मुलगा पार्किंगची पावती शोधत होता आणि आजोबा चर्चकडं बघत म्हणाले, "हिचा गिलावा कुठं गेला?"

हे मला आजवर कुठल्याच गेस्टनं विचारलं नव्हतं. सगळ्यांना तो लाल चिरा म्हणजे जुनेपणाच वाटतो, फोटोपण भारी येतो. खरं तर ही इमारत गिलाव्याचीच होती, १९५०च्या दशकात पोर्तुगीज सरकारनंच तो खरवडून काढला, जुनी दिसावी म्हणून. आजोबा ऐकून जे चिडले! "अरे जांभा पाणी पितो! तुमच्याकडचा पाऊस काय साधा हाय का? चुन्याचा गिलावा हाच त्याचा रेनकोट." मग भिंतीजवळ गेले आणि एकदम हाक मारली, "पाव्हणं, हे खांब तर आमच्या काळ्या दगडाचं!" बरोबर होतं. दर्शनी बाजूचं कोरीवकाम बेसॉल्टचं आहे आणि तो दगड आणलाय थेट वसईहून. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली १७३९ला, म्हणजे दगड त्याच्या कितीतरी आधी इकडं आलेला. आजोबांना याचा का कोण जाणे फार आनंद झाला, मुलाला दोनदा सांगितलं.

समोर से कॅथेड्रल, पांढराशुभ्र चुना लावलेलं, दोनपैकी एक बुरूज १७७६ला पडला तो परत बांधलाच नाही. तिथं आजोबा फार रेंगाळले नाहीत. पण सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या अवशेषांत आम्ही एवढा वेळ काढला की सूनबाई झाडाखाली बसून घेतल्या. १८३५ला धर्मसंघांवर बंदी आली, मठ ओस पडला, १८४२ला छताची मोठी कमान कोसळली, १९३१ला दर्शनी भिंत आणि अर्धा बुरूज गेला. उरलेला बुरूजसुद्धा ४६ मीटरच्या आसपास उंच, मान दुखते बघून. इथली घंटा आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आहे. आजोबांचा निकाल एका वाक्यात: "माणूस हलला, छपराकडं कुणी बघितलं न्हाई, मग पाणी आत शिरलं."

माणसं तर आधीच हलली होती म्हणा. साथींनी ओल्ड गोवा, म्हणजे जुनी राजधानी, रिकामं होत गेलं, पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ला पणजीकडं सरकला आणि १८४३ला पणजी अधिकृत राजधानी झाली.

शेवटी पणजीतलं फोंतेन्यास, त्या भागाला आम्ही मळा म्हणतो. पिवळी, निळी, लाल घरं. नातीला फोटो हवे होते, पण लोकांच्या दारात उभं राहून शूटिंग केलेलं तिथल्या रहिवाशांना आता आवडत नाही, आणि का आवडावं? म्हणून तिला हळूच आवरा म्हणलं. तेवढ्यात आजोबा गायब. बघतो तर एका गल्लीत परांचीवर चढलेल्या रंगाऱ्याशी गप्पा, तो सावंतवाडीचा निघाला. पावसाळा संपला की घराला रंग द्यायचा ही इथली जुनी रीत, ते ऐकून आजोबा खूश, म्हणाले बघ, ह्यांना कळतंय. मग पुट्टी किती, चुना कुठला, मजुरी काय, सगळी चौकशी झाली.

मुलगा घड्याळ बघत मला म्हणाला, "वेटिंगचे किती लावणार?" म्हणलं राहू दे, मीपण ऐकतोयच की.