नावं ठेवणारी माणसं

हा प्रश्न मला बहुतेक वेळा गाडीत विचारला जातो. शेजारचा माणूस इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचे दोन-तीन ट्रॅक निमूट ऐकून घेतो आणि मग न राहवून म्हणतो, "मघाचं ते हाऊस आणि हे टेक्नो? मला तर दोन्हीकडे नुसती धडधड ऐकू येतेय. इतकी नावं कशाला ठेवता रे?"

त्याला कल्पना नसते, पण नेमका शब्द सापडलेला असतो. आम्ही लोक नावं देतो आणि नावं ठेवतोही. पहिलं कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं, हे आमचं आम्हालाही कळत नाही.

आधी धडधडीचं. तुमची तक्रार रास्त आहे, दोन्हींत किक, म्हणजे मोठ्या ढोलासारखा खालचा ठोका, चारही मात्रांवर पडते. 1994 साली ब्रिटनच्या संसदेला उघड्यावरच्या रेव्ह पार्ट्या बंद पाडायच्या होत्या, तेव्हा कायद्यात या संगीताची ओळखही 'एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येणारे ठोके' अशीच दिली होती. म्हणजे खासदारांचे कान तुमच्यासारखेच. पण किक सोडा आणि तिच्या वरचं ऐका. हाऊसमध्ये दोन ठोक्यांच्या मधोमध हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, 'च्स' करून उघडते, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी पडते, कुणीतरी गात असतं, नाहीतर पियानो तरी असतो. डिस्कोचं रक्त लपत नाही. टेक्नोत बऱ्याचदा गाणारं कुणी नसतंच. एकच तुकडा चार-चार मिनिटं फिरत राहतो आणि त्याचा एखादा कोपरा इतक्या सावकाश घासला जातो, की बदल कधी झाला ते कळत नाही. झाल्यावर मात्र अंगाला जाणवतं. मला हे दुसरं जास्त आवडतं. का, ते विचारू नका.

नावांचा खरा उपयोग वाजवणाऱ्याला. मित्रमंडळींच्या पार्ट्यांना मी डीजे असतो, म्हणून सांगतो. हाऊस मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोक्यांचं, ड्रम अँड बेस हा दुसरा प्रकार 170 च्या पुढेमागे. एकातून थेट दुसऱ्यात जायचं म्हणून वेग ताणला, तर गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवायला लागते. डबस्टेपची तऱ्हाच वेगळी: मोजायला 140, पण स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, इतका रेंगाळून पडतो की पाय 70 नेच चालतात. अंधारात, एका कानाला हेडफोन लावून, तीन मिनिटांत पुढचा ट्रॅक शोधायचा असतो. तिथे नाव म्हणजे मिठाच्या नि साखरेच्या डब्यांवरची चिठ्ठी. त्यापलीकडे तिला मान नाही.

आणि ही नावं पडली कशी, ते पाहिलं तर भांडणाऱ्यांचं हसू येतं. हाऊस हे नाव आलं ते शिकागोतल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबवरून. तो 1977 मध्ये उघडला, तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा. टेक्नोचं तर आणखी गमतीचं. 1988 साली डेट्रॉइटच्या पोरांचा एक संग्रह ब्रिटनमध्ये निघायचा होता आणि त्याच्या नावात 'हाऊस'च असणार होतं. त्यांच्यातल्या हुआन ॲटकिन्सने आपल्या ट्रॅकच्या नावात 'टेक्नो' घातलं होतं, त्यावरून ऐन वेळी संग्रहाचं नाव बदललं. मुखपृष्ठावरच्या त्या बदलापायी आज लोक एकमेकांशी अबोला धरतात.

एखाद्या गोष्टीला नावच नसलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. रोलँड कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाचं छोटं यंत्र काढलं. एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा हेतू. आवाज गिटारसारखा काही येईना, 1984 मध्ये यंत्र बंद पडलं. मग शिकागोच्या पोरांनी ते वापरून 1987 मध्ये जी चिरकी, वळवळणारी बेसलाइन काढली, तिला ॲसिड म्हणतात. पण हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच त्या यंत्रावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली होती! तेव्हा तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि ऐकणारे चाट पडले: हे तर ॲसिड! राग सिंथेसायझरवर, खाली डिस्कोचा ठोका; 1982 मध्ये दुकानदाराने ती कुठल्या खणात ठेवायची?

आता नावं ठेवण्याकडे येतो. 12 जुलै 1979 ला शिकागोच्याच एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड्सनी भरलेली पेटी स्फोटाने उडवून दिली आणि प्रेक्षक मैदानात घुसले. डिस्कोवर नाचणाऱ्यांत काळे, लॅटिनो आणि समलिंगी लोक मोठ्या संख्येने होते, म्हणून 'आम्हाला फक्त संगीत आवडत नव्हतं' हे त्या प्रेक्षकांचं म्हणणं मला पचत नाही. आमच्या कंपूतलं सोवळं इतकं हिंसक नाही, पण सोवळंच. नव्वदच्या दशकात एका प्रकाराला चक्क 'इंटेलिजन्ट' डान्स म्युझिक म्हणायला लागले. म्हणजे बाकीचे नाचणारे ठोंबे! ज्याला त्या पंक्तीत पहिल्या पाटावर बसवतात, त्या एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकारानेच या नावाची टर उडवली, हे बरं झालं.

मीही त्याच पंगतीत होतो. सुरुवात केली ट्रान्सने, आणि नंतर ते लपवलं. ट्रान्समध्ये मधेच किक गळून पडते, सूर एकावर एक चढत जातात, स्नेअरचा कडकडाट वाढतो, आणि किक परत येते तेव्हा घशात काहीतरी दाटतं. इतकं उघडं रडवणं जाणकाराला शोभत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग एकदा धाकट्या बहिणीने स्वयंपाकघरात फोनवर काहीतरी लावलं. मी भांडी विसळत होतो. दोनेक मिनिटांनी हात पुसून स्क्रीन बघायला गेलो: कुणाचं, कुठलं लेबल, कुठला प्रकार. ट्रान्स होतं.

"दादा, मान का थांबली?" तिने विचारलं.

"कुठे काय?"

"आत्तापर्यंत हलत होती. वाचलंस आणि थांबली."

उत्तर सुचेना, म्हणून मी पुन्हा भांड्यांकडे वळलो. नावं ठेवायची माझी खोड काही सुटलेली नाही. भल्यामोठ्या स्टेजवरची ती आगीच्या झोतांसकटची 'ड्रॉप', म्हणजे किक दणक्यात परत येण्याची जागा, आजही मला सहन होत नाही, आणि बहीण ती मुद्दाम लावते. पण त्या दिवशीचा ट्रॅक मी तिच्याकडून मागून घेतला. माझ्या यादीत त्याच्यापुढे 138 लिहिलंय, कारण मिसळताना वेग लागतो. प्रकाराचा रकाना अजून भरलेला नाही.