संध्याकाळभर फक्त यामाशिता

जपानी गायक-संगीतकार तात्सुरो यामाशितांचं गाणं लावायचं ठरलं की ते कोणत्या अल्बममध्ये आहे एवढं पाहून भागत नाही. ते रेकॉर्डच्या कोणत्या बाजूला, कितव्या क्रमांकावर आहे, हे आधी पाहावं लागतं. तोक्योतल्या ज्या छोट्या रेकॉर्ड-बारमध्ये मी आवाजाची बाजू सांभाळतो, तिथे एका शनिवारी सहा ते दहा फक्त त्यांचीच गाणी ठरली होती. सगळी रेकॉर्डवरून. आपली गाणी स्ट्रीमिंगवर देण्याचा विचार नाही असं त्यांनी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे अशा संध्याकाळी लोक कान देऊन ऐकायलाच येतात.

त्यांच्या गाण्यातली बरीचशी मजा वरच्या पट्टीत असते: टेलिकास्टर गिटारवरचं करकरीत कटिंग (तुटक, तालातले फटके), ड्रम्समधल्या हाय-हॅटच्या झांजा, ब्रासची फुंकवाद्यं आणि स्वतःच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर. नेमकी हीच पट्टी एलपीवर आतल्या बाजूला मार खाते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तोच सूर निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. गोल टोकाची सुई त्या बारीक वळणांत शिरतच नाही, आणि ‘स’, ‘श’ फाटायला लागतात.

आमच्या टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबलवर रोज असते ती डेनॉनची डीएल-१०३. जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या, एनएचकेच्या, प्रसारणासाठी घडवलेली ही कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), सुई गोल टोकाची, तबकडीवर भार २.५ ग्रॅम. बेस आणि मधला आवाज ती इतका भरीव देते की ती काढायला मन होत नाही. म्हणून पहिले दोन तास मी बाजूच्या सुरुवातीची गाणी घेतली. ‘सर्कस टाउन’ (१९७६) ची पहिली बाजू न्यूयॉर्कमध्ये चार्ली कॅलेलोंच्या संयोजनात रेकॉर्ड झाली. तिच्यातलं दुसरं गाणं ‘विंडी लेडी’. मग ‘स्पेसी’ (१९७७) उघडणारं ‘लव्ह स्पेस’, ज्यात ड्रम्सवर पोंता मुराकामी आणि बेसवर हारुओमी होसोनो आहेत. त्यानंतर ‘गो अहेड!’ (१९७८) च्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘बॉम्बर’. सिंगलवर, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, ते ‘लेट्स डान्स बेबी’च्या मागच्या बाजूला होतं, पण ओसाकाच्या डिस्कोंनी तेच उचलून धरलं. कारण बेस ऐकला की कळतं. या गाण्याला आवाज थोडा वाढवावाच.

‘फॉर यू’ (१९८२) ची पहिली बाजू ‘स्पार्कल’ने सुरू होते. यामाशितांचं एकच गाणं सांगा असं कोणी म्हटलं तर मी हेच सांगतो. आधी नुसती त्यांची गिटार, मग जुन आओयामांचे ड्रम्स आणि कोकी इतोंचा बेस एकदम आत येतात. गिटारच्या प्रत्येक फटक्यात तार दाबल्याचा आणि सोडल्याचा वेगळा आवाज यायला हवा. तो एकसंध ‘चक चक’ झाला, तर सुईवर धूळ आहे किंवा भार कमी पडतोय असं समजावं. शब्द मिनाको योशिदांचे आहेत. दुसरी बाजू ‘लव्हलँड, आयलंड’ने उघडते, तीही कडेलाच, आणि त्या संध्याकाळी ती लागली तेव्हा गप्पा आपोआप थांबल्या.

अडचण साडेआठला आली. खिडकीजवळच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ‘राइड ऑन टाइम’ मागितलं, आणि तेही एलपीवरचं. हे १९८० चं गाणं मॅक्सेलच्या कॅसेटच्या जाहिरातीत वाजलं. जाहिरातीत यामाशिता स्वतःही दिसले, आणि तिथून त्यांचं नाव घरोघरी गेलं. पण त्याच नावाच्या एलपीवर ते पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे, म्हणजे थेट लेबलला खेटून. मास्टरांनी, म्हणजे बारच्या मालकांनी, विचारलं, “याच सुईवर लावता?” मी म्हटलं, “नाही, पाच मिनिटं द्या.”

दुसऱ्या हेडशेलमध्ये (टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाला लागणाऱ्या तुकड्यात) ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम५४०एमएल ही कार्ट्रिज तयार असते. तिचं टोक बारीक धारेचं, त्यामुळे आतल्या खाचाही ती नीट वाचते. बदलताना क्रम चुकवायचा नाही. आधी अँप्लिफायरचा आवाज पूर्ण खाली. हेडशेल बदला. फोनोचं (कार्ट्रिजचा आवाज वाढवणाऱ्या भागाचं) बटण एमसीवरून, म्हणजे क्षीण कार्ट्रिजच्या जागेवरून, एमएमवर, म्हणजे जोरकस कार्ट्रिजच्या जागेवर, आणा. डेनॉन ०.३ मिलिव्होल्ट देते, ही ४. बटण विसरलं तर दहापटीहून मोठा, फाटका आवाज स्पीकरवर आदळतो. नंतर वजन सरकवून टोनआर्म अधांतरी तोलून धरायचा, मग २ ग्रॅम भार, अँटी-स्केटिंगही (दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलट जोर) तेवढंच, आणि शेवटी भार मोजायच्या काट्यावर खात्री. काट्यावर बघितल्याशिवाय सुई खाली ठेवायची नाही, कितीही घाई असो. त्या आधी २०२३ च्या १८० ग्रॅमच्या जाड आवृत्त्या लावल्या होत्या आणि ही जुनी तबकडी पातळ होती, म्हणून आर्मची उंचीही किंचित खाली घेतली.

गाणं लागलं. कोरसचे थर वेगवेगळे सुटे ऐकू आले, ‘स’ कुठेच फाटला नाही. त्या गिऱ्हाइकाने ग्लास खाली ठेवला आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही. दुसरी सुई नसेल त्यांनी सरळ ४५ फेऱ्यांचं सिंगल घ्यावं: त्याच्या कडेला वेग सेकंदाला साधारण ४० सेंमी असतो. एलपीवरचं गाणं मात्र वेगळं आणि लांब आहे, ते एकदा तरी ऐकलं पाहिजे.

मग काउंटरवरच्या एका मुलाने मराठीतच विचारलं, “दादा, यांचं ‘प्लॅस्टिक लव्ह’ लावाल का?” ते गाणं मारिया ताकेउचींचं, १९८४ च्या ‘व्हरायटी’तलं, शब्द आणि चाल त्यांचीच. पण संयोजन आणि निर्मिती त्यांच्या पतीची, म्हणजे यामाशितांची. ड्रम्स-बेसवर ‘स्पार्कल’चेच आओयामा आणि इतो. नियम मोडला नाही असं मानून मी ते लावलं.

बारीक सुई बसलेलीच होती, म्हणून शेवटचा तास बाजूच्या शेवटच्या गाण्यांना दिला. ‘फॉर यू’चं ‘युअर आइज’, आणि ‘मेलडीज’ (१९८३) संपवणारं ‘ख्रिसमस इव्ह’. जेआर तोकाईच्या रेल्वे जाहिरातीत वाजल्यावर हे गाणं १९८९ च्या डिसेंबरमध्ये ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या रेकॉर्डविक्रीच्या, यादीत पहिलं आलं, निघाल्यानंतर सहा वर्षांनी. मध्ये पाखेलबेल या जुन्या युरोपीय संगीतकाराचा ‘कॅनन’ आहे, वाद्यांशिवाय, सगळे आवाज त्यांचेच. चांगल्या सुईवर त्यातला एकेक आवाज धरून शेवटपर्यंत जाता येतं.

त्या मुलाने निघताना पहिली कोणती रेकॉर्ड घ्यावी ते विचारलं. मी ‘फॉर यू’ सांगितली, आणि साध्या सुईवर ऐकणार असशील तर दोन्ही बाजूंची पहिली गाणी आधी ऐक म्हटलं.